हौदातले जिन्न

"पळाले! पाहिलंत? पळाले!" मांत्रिक कोम्बोनं परातीवरून काळा रुमाल फिरवला, आणि पाण्यात वळवळणारे जिन्न खरोखरच तळाशी गेले. लामू बेटावरच्या त्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. निम्मी गर्दी कमरेत वाकलेली, उरलेली त्या वाकलेल्यांना धरून उभी. "सुभानल्ला!" सगळे एका सुरात.

बेटावर पसरलेला हा ताप नवा होता. सांधे असे धरायचे की पायात चप्पल सरकवणंही जड. ज्या आजाराला नाव नाही त्याला जिन्न म्हणायला कितीसा वेळ लागतो! कोम्बोचा उपाय सोपा: मंतरलेल्या पाण्याचं उघडं मडकं उशाशी ठेवा, आणि घरच्या हौदातले मासे काढा, ते मंत्र गिळतात. पिढ्यान् पिढ्या हौदात पोसलेले बोटभर मासे लोकांनी मुकाट्यानं खाडीत फेकले.

शाळेतल्या लाली मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या बहिणीचे, म्वानाएशाचे, दिवस भरले होते, आणि तसलंच मडकं तिच्याही उशाशी होतं. बाळंतपणात आईला हा ताप असला तर बाळालाही धरतो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

मास्तर पुढे झाले. "मला जमतंय का बघू." त्यांनी झापांचा पंखा परातीवर धरला. जिन्न तळाशी!

"अगंबाई, मास्तरही मांत्रिक झाले!" एक आजी ओरडली.

"मंत्र कसला डोंबलाचा, आजी! सावली पडली की ही पोरं बुडी मारतात. हौदातले मासे मंत्र नाही, यांनाच गिळायचे. आता त्यांचे आईबाप बघा." मास्तरांनी बरणी वर धरली. आत म्वानाएशाच्या मडक्यातलं, अशाच जिन्नांसकट भरून ठेवलेलं पाणी, तोंडाला घट्ट फडकं, आणि भणभणणारे पट्टेरी पायांचे डास.

"पण माझा ताप कोम्बोच्या पाण्यानंच उतरला!" गर्दीतून एकजण म्हणाला.

"माझा पाण्याशिवाय उतरला," मास्तर म्हणाले. " तो चार दिवसांत उतरतोच. सांधे मात्र दोघांचेही ठणकतायत."

"जिन्नच डासाचं रूप घेतात!" कोम्बो गरजला, आणि त्यानं फाडकन स्वतःच्या मानेवर चापट मारली.

"अरेरे, जिन्न मारलास की रे!" आजी म्हणाली. अंगण हसून लोळलं.

म्वानाएशा हसली नाही. "मासे मी माझ्या हातानं काढले, कोम्बो. तू सांगितलंस म्हणून." तिनं परात वाळूत कलती केली.

"डास आजाऱ्याला चावतो, मग धडधाकटाला," मास्तर म्हणाले. "आजारी माणूस होडीत बसला की ताप पुढच्या बंदरात. पाणी झाका. मशिदीच्या हौदात मासे आहेत, मागून आणा. ताप आला तर दवाखाना गाठा. आणि कुणी काहीही सांगो, मीसुद्धा, आधी स्वतः तपासून बघा."

कोम्बो रुमाल शोधत राहिला. लोक वाकल्या कमरेनंच आपापली मडकी पालथी करायला निघाले. सर्वांत पुढे म्वानाएशा होती, एका हातानं पोट सावरत. तिला ताप आला नव्हता, अजून तरी.