मूळ फळी

"काका, मूळ लाकडाला हात लावायचा नाही!" वारसा विभागाचा तरुण अधिकारी ओरडला, तेव्हा मिस्त्रींची पहार फळीखाली अर्धी गेली होती.

"मूळ कसलं, साहेब? ही मीच ठोकलीय. अकरा वर्षं झाली."

"नोंद दोनशे वर्षांची आहे."

"मग माझं वय काढा आता!"

अधिकारी हसला नाही. त्याच्या पदाला ती सवलत नसावी.

चौतीस वर्षं मिस्त्री या लाकडी पुलाची डागडुजी करत आले होते. जवळजवळ सगळ्या फळ्या त्यांनी एकेक करून बदलल्या होत्या. काही तर दोनदा. पूल जुना राहिला होता, तो असा सतत नवा होत गेल्यामुळे. पण गेल्या महिन्यात तो 'वारसा' ठरला आणि त्याला सडायचा अधिकृत परवाना मिळाला.

मिस्त्रींनी फळीत बोट खुपसलं. पेरभर आत गेलं आणि काळा, बुळबुळीत चोथा घेऊन बाहेर आलं.

"सड हातभरच आहे, पण ऐन मधोमध. उद्या उद्घाटनाला माणसं इथंच उभी राहणार. खाली नदी आहे, साहेब, गादी नाही."

"लांबी भरून भोक बुजवा, वर वॉर्निश मारा. फोटोत दिसता कामा नये."

"सडक्यावर लांबी? मी नाही करणार."

"मग रंगारी करेल."

रंगाऱ्यानं केलं. फळी नवरीसारखी चकाकली. मिस्त्री कठड्याशी जाऊन थुंकले.

"अहो, उद्या जाऊच नका तिकडे," घरी बायको म्हणाली. "उगाच डोक्याला ताप."

"जायला नको? फळी माझी आहे."

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, तेव्हा पुलाच्या मध्यावर मिस्त्री आधीच उभे होते. एक पाय अलीकडच्या धड फळीवर, दुसरा पलीकडच्या. चकाकणारा भाग मधे. गर्दी त्यांना वळसा घालून जात होती.

"ओ काका, फोटोत येताय! बाजूला व्हा!"

"तू हो की. तुला सगळा पूल मोकळा आहे."

अधिकारी कानाशी येऊन फिस्कारला, "मिस्त्री, तमाशा नकोय मला."

"तमाशा मी हललो की होईल, साहेब."

भाषणात 'त्या अज्ञात कारागिरांच्या हातांना' वंदन झालं. टाळ्या झाल्या. मग चहा आला. एका बाईंनी पिऊन झालेला कप, न बघताच, मिस्त्रींच्या हातात दिला. ते पाहून बाकीच्यांचीही सोय झाली.

दोन्ही हातांत सात उष्टे कप धरून, पाय फाकून, मिस्त्री तसेच उभे राहिले.