मोकळ्या जागेतला आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, इंग्रजीच्या शिकवणीत माझं आयुष्य गेलं.

मित्रांनो, शब्दांनाही नातीगोती असतात, असं आमच्या बाई म्हणत. त्यांनी माझ्यात कॅसेट घालून धडा भरला. ‘बर्ड, नेस्ट. बी…’ मग थोडी मोकळी जागा. पक्ष्याचं घर नेस्ट, तर मधमाशीचं कोणतं? मुलांनी त्या जागेत ‘हाइव्ह’ म्हणायचं. लगेच बाईंचा आवाज: ‘गुड!’

तुम्हीही म्हणून पाहा. स्पायडर…

(थांबलोय.)

ते ‘गुड’ बाईंनी आधीच भरून ठेवलं होतं. त्या बाहेर गेल्या की मुलं ओरडत, "बी… पायजमा!"

‘गुड!’

खोलीभर हशा.

बाईंची मुलगी मात्र हसत नसे. शिकवणी सुटली की ती एकटी माझ्यासमोर बसे आणि सगळी उत्तरं बरोबर देई. घरी तिला शाबासकी कधी मिळालीच नाही. "त्यात काय मोठंसं?" एवढंच. माझ्याकडून मिळेल तेवढं ‘गुड’ ती घेऊन जाई.

बाई गेल्या. त्यांचा आवाज उरला तो या एका कॅसेटवर. मुलगी शिकवू लागली, मुलांची ताई झाली. एकदा एका मुलीची आजी धापा टाकत जिना चढून आली.

"अगं, चुकलं तरी गुड, बरोबर आलं तरी गुड! अशानं माझी नात शिकणार काय, कपाळ?"

नव्या कॅसेटी कुठे मिळत नव्हत्या. ताईनं बराच वेळ बोट बटणावर ठेवलं. मग दाबलं. आईच्या आवाजावर आपला आवाज भरला. तेच शब्द, तीच मोकळी जागा. ‘गुड’ मात्र भरलं नाही. ऐकल्याशिवाय शाबासकी कशी द्यायची?

दुसऱ्या दिवशी टेप लागली. ताईचा आवाज: ‘बर्ड, नेस्ट. बी…’

"पायजमा!" आजीची नात.

‘गुड’ आलं नाही. माझी चाकं फिरत होती, पण फीत पुढे सरकत नव्हती.

"हाइव्ह," नात बारीक आवाजात म्हणाली.

‘गुड.’

आवाज बाईंचा होता.

"ताई, नीट पुसलं गेलं नाही वाटतं," कुणीतरी कुजबुजलं.

"तसंच असेल," ताई म्हणाली. तिनं टेप थांबवली नाही.

मित्रांनो, मी सगळं पुसलं होतं.

धडा संपला, मुलं धडधडत जिना उतरली. ताईचा हात बटणाशी आला. नुसती खरखर चालू होती. आणि कॅसेटवर कधी मराठीचा एक शब्द न बोललेल्या बाई म्हणाल्या, "छान शिकवलंस गं."

"आई?"

फीत संपली. बटण आपोआप वर आलं.

ताईनं फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. तिथे काहीच नव्हतं.

आता मी फळीवर आहे. मघाशी तुम्ही ‘वेब’ म्हणालात, ते ऐकलं गेलंय. मी नाही ऐकलं. माझी वायर काढलेली आहे.

माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल, नाही पुसलीत तरी चालेल. पण मित्रांनो, ज्याला शाबासकी द्यायची, त्याला ती समोरासमोर द्या. मागाहून द्यायला फार लांबून यावं लागतं.