कलंदियाहून कुवेत, १९६६

माझ्या कादंबरीचं सहावं प्रकरण एका विमानाच्या तिकिटापाशी अडलं होतं.

प्रकरण असं होतं. १९६७ चा वसंत, कुवेत. समीहा नावाची तरुण बायको नवऱ्याला म्हणते, आई आजारी आहे, मला माहेरी पाठवा. नवरा म्हणतो, विमानाचं भाडं परवडत नाही. ती जात नाही. जूनमध्ये लढाई होते, जेरुसलेमजवळचा कलंदियाचा विमानतळ इस्रायलच्या ताब्यात जातो आणि तिच्या माहेरची वाट बंद होते. पुढची सगळी कादंबरी त्या एका नकारावर उभी होती. पण तो नवरा खरं बोलत होता की नुसता चिक्कू होता, हेच मला ठरवता येईना. त्यासाठी तेव्हाचं भाडं कळायला हवं होतं.

माझी संपादक सुहैर म्हणाली, "'भाडं फार होतं' असं लिही आणि पुढे सरक. वाचक काय पावती मागणार आहे?"

"वाचक नाही मागणार. पण हा माणूस चांगला आहे की वाईट, हे मला तरी कळू दे."

"अगं, तूच लिहितेयस ना त्याला? मग तूच ठरव की."

मला तसं ठरवता येत नाही. विमा कंपनीत वीस वर्षं काम केल्याचा परिणाम असेल.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं पाहिली. विमान कंपन्यांच्या जाहिराती होत्या, त्यांत शेपटी उंच केलेलं विमान होतं, शहरांची नावं होती, प्रवासात गरम जेवण मिळेल असंही होतं. भाडं मात्र कुठेच नव्हतं. 'दरांसाठी आमच्या कार्यालयात चौकशी करावी.' मी अम्मानमधल्या एका विमान कंपनीच्या कार्यालयात चौकशी केली. काउंटरवरची मुलगी गोड होती. म्हणाली, "मॅडम, मी जन्मलेच नव्हते." मग जरा विचार करून म्हणाली, "माझी आईसुद्धा."

शेवटी मी फेसबुकवर कुवेतमध्ये राहिलेल्या आम्हा पॅलेस्टिनींचा एक गट आहे, तिथल्या हवल्ली भागातल्या जुन्या शेजाऱ्यांचा, तिथे विचारलं. तासाभरात तिथे भांडण जुंपलं. कुणी वीस दिनार म्हणे, कुणी पंचेचाळीस. एकाने तर रुपयांत सांगितलं, कारण तो गेला तेव्हा कुवेतात हिंदुस्थानी रुपयाच चालायचा. कुणी कुणाला खोटारडा म्हणालं, कुणी कुणाच्या बापाचा उद्धार केला. त्या गदारोळात अरीज नावाच्या बाईने खाली शांतपणे लिहिलं होतं: 'माझे बाबा दर पाहुण्याला हा आकडा सांगतात. आम्हाला पाठ झालाय. तुम्हीही पाहुण्या म्हणून या, तुम्हालाही सांगतील.'

शुक्रवारी दुपारी मी अम्मानच्या जबल हुसेन भागात त्यांच्या घरी गेले. अरीज शाळेत शिक्षिका होती, माझ्याच वयाची. बाल्कनीत तिचे आईवडील बसले होते. वडील अबू बासिल, म्हणजे थोरल्या बासिलचे बाप, ऐंशीच्या घरातले, घरातही कोट घातलेले. आई उम्म बासिल, मांडीवर परात घेऊन कूसा पोखरत होती, दुधीच्या जातीचे पण अगदी बोटभर, भरून शिजवण्यासाठी. अरीजही तिच्या शेजारी बसून तेच काम करू लागली. मला वेलदोड्याची कॉफी मिळाली.

"एकतीस दिनार," अबू बासिल म्हणाले. मी अजून नीट टेकलेही नव्हते. "जुलै सहासष्ट. कलंदिया ते कुवेत. एकतीस दिनार आणि वर काही सुटे फिल्स. मी हवल्लीत एका गोदामात हिशेबनीस होतो. वर्ष घातलं ते पैसे जमवायला. आमचं लग्न लागलं हिच्या माहेरी, अल-बीरामध्ये, मी तिकडे कुवेतात. माझ्या वतीने माझे वडील बसले. मग ही एकटी विमानाने आली. त्या काळी बायकांना ट्रकमधून वाळवंट तुडवत आणायचे लोक. मी विमानाने आणली."

"झालं," उम्म बासिल कूशाकडे बघत म्हणाली. "आता कॉफी प्या, गार होईल."

मी आकडा टिपून घेतला आणि सवयीने विचारलं, "एका बाजूचं की परतीचं?"

"एका बाजूचं. लग्न होऊन येणाऱ्या मुलीला परतीचं तिकीट कोण काढतं, बाई?"

उम्म बासिलच्या हातातलं पोखरणं थांबलं होतं. मला वाटलं, कूसा तुटला असेल.

मग मी त्यांना माझं प्रकरण सांगितलं. समीहा, तिची आजारी आई, नवऱ्याचा नकार, जून. सांगताना मला जाणवलं की अबू बासिल माझ्याकडे बघत नाहीयेत. त्यांनी कप खाली ठेवला.

"तुला हे कुणी सांगितलं?" ते म्हणाले.

"कुणी नाही, काका. मनानेच रचलंय."

"रचलेलं नाही हे." त्यांनी बायकोकडे मान वळवली. "एप्रिलमध्ये हिने विचारलं होतं. बासिल पोटात होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं हिच्या मनात. मी म्हटलं, जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू. पैसे नव्हतेच. खरंच नव्हते. पण कुणाकडून उचलून आणता आले असते. गोदामाच्या मालकाकडे तोंड उघडायला मला लाज वाटली. आणि मग जून आला. हिचे वडील एकोणसत्तरला वारले. किती वेळा कोण जाणे, मी मनात हिशेब मांडला असेल. जॉर्डन नदीच्या पुलावरून पलीकडे जायचा परवाना मिळून ही गेली, तेव्हा बापाच्या जागी नुसती कबर."

अरीजचे हातही आता थांबले होते. "बाबा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"म्हणून तर सगळ्यांना भाडं सांगतो," अबू बासिल म्हणाले. "म्हणजे कळावं, की माझ्या आवाक्यातलं नव्हतं ते."

उम्म बासिलने परात खाली ठेवली. हात झग्याला पुसले.

"मला वाटायचं, तुम्ही बढाई मारता," ती म्हणाली.

"बढाई?"

"एकतीस दिनार, एकतीस दिनार. बैल विकत घेतल्यासारखं. मला वाटायचं, माझी किंमत सांगता लोकांना." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तू विचारलंस ना, एका बाजूचं की परतीचं? परतीचं होतं."

"काय बोलतेस?" अबू बासिल म्हणाले.

"तुम्ही पैसे पाठवले एका बाजूचे. माझ्या बाबांनी आपले घातले आणि परतीचं काढलं. कलंदियाला विमानाच्या पायऱ्यांपर्यंत सोडायला आले होते. तेव्हा सोडायचे तिथपर्यंत. म्हणाले, वजीहा, हे वर्षभर चालतं. नवरा बरा निघाला नाही तर कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, विमानात बसायचं आणि यायचं. तिकिटाचं ते पातळ पुस्तक होतं, मागे लाल कार्बन. हात लावला की बोटं लाल व्हायची. मी पिठाच्या डब्याखाली ठेवलं."

"म्हणजे एप्रिलमध्ये…"

"होतं माझ्याकडे."

खाली रस्त्यावर गॅस विकणाऱ्या गाडीची धून वाजत होती. ती लांब लांब गेली. मी उठायला हवं होतं, पण उठले नाही, हे कबूल करते.

"मग मला विचारलंस कशाला?" अबू बासिलचा आवाज चढला. "तिकीट घरात असताना माझ्यापुढे हात पसरलास? मी नाही म्हणेपर्यंत वाट पाहिलीस?"

"तुम्ही हो म्हणाला असतात तर गेले असते."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर राहायचं असं ठरवलं होतं." ती सावकाश बोलत होती. "तुम्ही पाठवलं असतंत तर मी तुमची बायको म्हणून गेले असते, आणि तुमची बायको म्हणून परत आले असते. बाबांच्या तिकिटावर गेले असते तर परत आलेच नसते. हे मला माहीत होतं. एकोणीस वर्षांची होते. ती एक खोली, ते उकाड्यात तापलेलं पाणी, तुमचं ते घोरणं. मला तुमचं काहीसुद्धा आवडत नव्हतं."

"काहीसुद्धा?"

"कोट आवडायचा."

अरीज हसली, आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला.

"मग राहिलीस कशाला?" अबू बासिलनी विचारलं. आता आवाज खाली आला होता.

"नाही म्हणताना तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता. बुटाची नाडी सोडत बसला होता, आधीच सुटलेली नाडी. मला कीव आली."

"कीव आली," ते म्हणाले. "छान. सगळा संसार कीव म्हणून केलास."

"सुरुवात कीव म्हणून केली. सगळा कशाला म्हणता?"

ते उठले आणि आत गेले. आतल्या खोलीचं दार लागलं. मी माफी मागू लागले तेव्हा उम्म बासिल म्हणाली, "तू कशाला? इतकी वर्षं ते हे ओझं वाहत होते, हे मला ठाऊक नव्हतं. नाहीतर सांगितलं असतं. मी लपवलं होतं ते त्यांना वाईट वाटू नये म्हणून. बाबांनी परतीचं तिकीट काढलं, म्हणजे जावयावर भरवसा नव्हता. कुठल्या पुरुषाला हे ऐकवणार?"

"ते तिकीट कुठे आहे आता?" मी विचारलं.

"नव्वद साली इराकने हल्ला केला, कुवेत सोडलं, तेव्हा घरातच राहिलं सगळं. पीठसुद्धा." तिने परात पुन्हा मांडीवर घेतली. "सदुसष्टच्या लढाईनंतर एकदा विमान कंपनीच्या कार्यालयात घेऊन गेले होते. तिथला माणूस भला होता. म्हणाला, ताई, जेरुसलेमऐवजी अम्मान लिहून देतो. मी म्हटलं, अम्मानमध्ये माझं कोण आहे?"

जिन्यात अरीज मला सोडायला आली. "दर जूनला बाबा आजारी पडतात," ती म्हणाली. "जेवत नाहीत, बोलत नाहीत. आम्ही समजायचो, लढाईची आठवण." तिचे डोळे भरले होते, पण ती हसतही होती. "आई एकोणीस वर्षांची असताना एवढी हिशेबी होती, हे कुणाला माहीत?"

घरी येऊन मी सहावं प्रकरण उघडलं आणि मिटलं. दोन आठवडे त्याला हात लावला नाही. त्या दोघांचं बोलणं माझ्या डोक्यात असताना समीहाचा नवरा एक शब्द बोलेना. आणि त्यांचंच उचलून लिहायचं तर त्यांना विचारायला हवं होतं. म्हणून पुन्हा एका शुक्रवारी, अरीजला फोन करून, मी गेले. मनात धाकधूक होती. अरीजने फोनवर एवढंच सांगितलं होतं की पहिले तीन-चार दिवस बाबा आईशी तिच्यामार्फत बोलत होते, 'तुझ्या आईला सांग, मीठ दे.'

दोघं बाल्कनीतच होते, खुर्च्या मागच्यापेक्षा जवळ. उम्म बासिल आपल्या वडिलांविषयी सांगत होती. ते दगड फोडायचे. घराच्या उंबऱ्यासाठी दगड निवडायला त्यांनी एक अख्खा उन्हाळा घालवला, आणि आई रोज म्हणायची की तोवर आम्ही काय खिडकीतून आत शिरायचं?

"आणि शिरायचात?" अबू बासिलनी विचारलं.

"शिरायचो. मी सात वर्षांची. मला तर दारापेक्षा तेच बरं वाटायचं."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"बाबांचं नाव काढलं की तुम्ही उठून जायचात. मला वाटायचं, तुम्हाला ते आवडत नव्हते."

मी माझं काम सांगितलं. उम्म बासिल म्हणाली, "लिही. पण एक ऐक. तुझ्या त्या बाईला जाऊ दे. एप्रिलमध्येच जाऊ दे. आईला भेटू दे."

"मग कादंबरीच मोडते, मावशी," मी म्हटलं.

"मोडू दे की. दुसरी लिही."

"आणि तो नवरा?" अबू बासिल म्हणाले. "त्याचं काय करणार?"

"अजून कळत नाहीये, काका."

ते म्हणाले, "त्याला सोडायला पाठव विमानतळावर. पायऱ्यांपर्यंत." आणि बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, "तो उंबऱ्याचा दगड कसला होता? पांढरा की तांबूस?"

"तांबूस," ती म्हणाली, आणि तो कुठल्या डोंगरातून आणला ते सांगू लागली.