मेथी, केळी, मोजे

मित्रांनो, आधी एक गोष्ट कान देऊन ऐका. मी शीर नाही. भिमाजींची पोटरी दुखली की घरात म्हणतात, "शीर आखडली." आखडायला मी काय सुतळी आहे? मी त्यांच्या उजव्या मांडीतली धमनी आहे. हृदयाकडून आलेलं रक्त खाली पोटरीला पोचवते. बावन्न वर्षं झाली, एक सुट्टी नाही.

लहानपणी माझं अस्तर आतून काय गुळगुळीत होतं! भिमाजी टेकडी पळत चढायचे आणि मला पत्ताही लागायचा नाही. पुढे ते चाकणच्या कारखान्यात लागले. दिवसभर मशीनपाशी उभे. मी कुरकुरले नाही. कोणी कौतुकही केलं नाही म्हणा. धमनीचं कौतुक कोण करतो?

मग सिगारेट आली. शिफ्ट सुटली की टपरीवर एक, चहासोबत दुसरी. धूर छातीपुरता असतो, असा त्यांचा समज. अहो, त्यातलं विष रक्तात उतरून माझ्यापर्यंत येतं! वर रक्तदाबाची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवायची. माझं अस्तर जागोजागी दुखावलं. तिथून रक्तातली चरबी माझ्या भिंतीत शिरली. तिला खायला पांढऱ्या पेशी धावल्या, खाऊन फुगल्या, तिथेच मेल्या. त्यावर साय धरावी तसं कवच धरलं. नळात गाळ बसतो तसं हे नुसतं वरून बसत नाही. माझी भिंतच आतून फुगत गेली आणि रक्ताची वाट अरुंद झाली.

थांबा.

तेही असेच थांबले. कंपनीची बस त्यांना सांगवीच्या थांब्यावर सोडते. तिथून घर पायी. एका संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पोटरीनं जास्त रक्त मागितलं. मला देता येईना. पोटरी कळवळली. नुसतं रस्त्यात उभं राहायची लाज, म्हणून भिमाजींनी समोरच्या बाईकडून मेथीची जुडी घेतली. तोवर कळ गेली, कारण उभ्या पायाला माझं थोडं रक्तही पुरतं. चाललं की दुखायचं, थांबलं की कळ जायची. मला एवढी एकच भाषा येते. याहून स्पष्ट काय बोलू?

रोज मेथी. कौशल्याबाई, म्हणजे त्यांची बायको, वैतागली.

"अवो, मी काय शेळ्या पाळल्यात?"

"ताजी दिसली."

थांबा.

पुढच्या वर्षी केळी. केळ्यांची गाडी शाळेपाशी, थांब्याकडून येताना मेथीवालीच्या बरीच अलीकडे. मुलगी तनुजा म्हणाली, "पप्पा, पाहुणे म्हणून माकडं येणारेत का?" सगळे हसले. रात्री कौशल्याबाईनं पोटरीला तिळाचं तेल चोळलं. तेल कातडीला मिळालं. मला काय मिळालं?

कंपनीची वार्षिक तपासणी आली. आठवडाभर सिगारेट बंद, सकाळी कारल्याचा रस. वीस वर्षांची कमाई आठवड्यात धुवायला निघाले! पायाचं डॉक्टरला अक्षर सांगितलं नाही. 'फिट' असा शिक्का घेतला आणि थेट टपरी गाठली.

थांबा.

मी का ओरडते ते तरी ऐका. हृदयावर माझी एक बहीण आहे. तेच रक्त, तोच धूर. तीही आतून अरुंद झाली आहे. पण ती बोलत नाही. तिच्या भिंतीवरचं कवच एखाद्या दिवशी फुटलं, तर त्यावर रक्ताची गुठळी धरेल आणि वाट बंद. मग भिमाजी कुठल्याच गाडीपाशी थांबणार नाहीत.

थांबा.

मोजे. त्याच्या पुढच्या वर्षी एक दिवस मोजे आणले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजे.

"हे कुठनं?" कौशल्याबाईनं विचारलं.

"बसथांब्यापाशी बसतो तो."

तिनं मोजे खाली ठेवले. "मेथीवाली गल्लीच्या तोंडाशी. केळीवाला शाळेपाशी. आन् ह्यो तर बस उतरल्या-उतरल्या. तुमी बाजार करत न्हाई. तुमी थांबताय. आन् दरसाल घरापास्नं लांब थांबताय."

"गुडघा गं..."

"गुडघा बसून उठताना दुखतो. माझा दुखतो, मला ठावं हाय. उद्या दवाखान्यात चला. न्हाई तर ह्ये मोजे मीच घालते आन् तुमच्या कंपनीच्या गेटवर येऊन बसते."

ऐकलं! कोणीतरी ऐकलं!

डॉक्टरांनी त्यांच्या पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली, घोट्याला पट्टा बांधून रक्तदाब घेतला आणि लगेच हृदयाची तपासणी करवली. बहीण बरीच अरुंद झाली होती, पण बंद पडली नव्हती. औषधं सुरू झाली. सिगारेट सुटली, रडत-कुढत, पण सुटली. आणि डॉक्टरांनी सांगितलं: रोज चाला, दुखलं की थांबा, कळ गेली की पुन्हा चाला.

मित्रांनो, माझ्या भिंतीत बसलेलं सगळं आता निघायचं नाही. ते वाढू नये, एवढंच मागणं. तुमच्या घरात कोणी चालताना सारखं थांबत असेल, तर हसू नका, नुसतं तेल चोळू नका. दवाखान्यात न्या.

आता संध्याकाळी कौशल्याबाई बसथांब्यावर येते. काल दोघं मोजेवाल्याला मागे टाकून शाळेपर्यंत न थांबता आले.

"केळी घेऊ?" भिमाजींनी विचारलं.

"घ्या. पण मला मेथी पायजे."

मलाही.