सर्वांच्या मागून येणारी सायकल

मी एक जुनी सायकल आहे. शर्यतीत मी नेहमी शेवटी येते, आणि मित्रांनो, शेवटी येणे हेच माझे काम आहे.

दूरच्या एका कारखान्यात मी जन्मले. वर्ध्याच्या दुकानात टांगलेली असताना केळझरच्या रूपरावांनी मला पसंत केले. त्यांचा दुधाचा धंदा होता. मागे दोन्ही बाजूंना कॅन अडकवून आम्ही रोज सकाळी सेलूला जात असू. दसऱ्याला ते मला धुवून पुसून झेंडूची माळ घालत. वाटेवरच्या बाया माझी घंटी ऐकून चुलीवर चहाचे आधण ठेवत. त्या काळी मला स्वतःचा फार अभिमान होता.

पुढे त्यांच्या मुलाने, धनंजयने, मोटारसायकल घेतली आणि मी गोठ्यात गेले. टायरांतली हवा गेली. कोंबड्या माझ्या सीटवर बसू लागल्या. मला कोणी टाकून दिले नाही, पण कोणी हातही लावला नाही.

मग धनंजयने गावच्या मुलांना घेऊन धावण्याचा क्लब काढला. दर जानेवारीत शर्यत ठरली. केळझरहून निघायचे, डोंगराचा चढ चढायचा, पलीकडे उतरून वळायचे आणि त्याच रस्त्याने परत यायचे. शेवटच्या माणसामागे हळू चालणारी एक सायकल हवी होती. रूपराव म्हणाले, "मी जातो नं मांगून. माही सायकल काय मेली काय?"

क्लबने नियम केला. जो माझ्या पुढे, तो शर्यतीत. मी ज्याच्या पुढे गेले, तो बाद. त्याने माझ्या मागच्या टेम्पोत बसायचे. रूपराव एकाच चालीने पायडल मारत. कोणासाठी थांबत नसत.

मागच्या वर्षी कमलाबाई अशाच बाद झाल्या. त्या कापूस वेचणाऱ्या, वय पन्नाशीचे, पायात लेकाचे बूट. चढावर त्या थकल्या आणि मी त्यांच्या पुढे गेले. रूपराव म्हणाले, "बाई, बसा आता टेम्पोत." त्या टेम्पोत चढल्या. नंतर वर्षभर वेचणीला जाताना बायका त्यांना विचारत, "काऊन वं कमला, आज टेम्पो नाई आला तुले घ्याले?"

म्हणून यंदा त्या पुन्हा आल्या. आपल्या पायांनी परत यायचे, एवढेच त्यांना हवे होते.

सकाळी धुके होते. तुरीच्या शेंगांवरून थेंब गळत होते. वळणापर्यंत कमलाबाई माझ्या बऱ्याच पुढे होत्या. परतीच्या चढाला लागण्याआधी एका मुलाचा पाय मुरगळला आणि टेम्पो त्याला घेऊन पुढे निघून गेला. आता रस्त्यावर आम्ही तिघेच उरलो. चढावर कमलाबाईंची चाल मंदावली. मी जवळ जवळ येऊ लागले. त्या मागे वळून मला पाहत, आणि मला माझीच लाज वाटे.

तेवढ्यात माझी चेन तुटली.

रूपराव खाली उतरले. त्यांचा गुडघा दुखरा, त्यात चढ. दहा पावले मला ढकलून ते थांबले आणि धापा टाकू लागले.

"जा बाई तू समोर," ते म्हणाले. "आता कोन बाद करते तुले?"

कमलाबाई निघाल्या. थोडे गेल्या आणि थांबल्या.

"भाऊ, मांगं सायकल दिसली नाई त लोक म्हनतीन, टेम्पोतून उतरून आली. ढकलू काय मांगून?"

"मांगं येशीन त बाद होशीन! माहा नियम नोको बिघडवू."

"मंग हे घ्या." त्यांनी कमरेला बांधलेली ओढणी सोडली आणि तिचे एक टोक मागे फेकले. "बांधा हँडलले. समोरून ओढली त चालते नं तुमच्या नियमात?"

रूपराव डोके खाजवत राहिले. "चालते," ते शेवटी म्हणाले.

मित्रांनो, जी बाई मला भिऊन धावत होती, तिनेच मला ओढून डोंगर चढवला. रूपराव हँडल धरून बाजूने लंगडत होते. "भाऊ, किती जड झाली हे! दूध भरून ठेवलं काय अजून?" असे म्हणत त्या ओढत होत्या.

माथ्यावर ओढणी सोडली आणि रूपराव पुन्हा माझ्यावर बसले. आता उतार होता आणि धोका नेमका तिथेच होता. चेन नसली तरी उतारावर मी आपोआप धावते. कमलाबाई दमलेल्या होत्या. मी त्यांच्या पुढे गेले असते, तर सारेच वाया गेले असते. रूपरावांनी दोन्ही ब्रेक आवळले. रबर झिजलेले होते, नुसते किंचाळले. शेवटी त्यांनी दोन्ही चपला डांबरावर टेकवल्या. ज्यांनी कधी कोणासाठी वेग कमी केला नाही, ते चपला घासत मला अडवत होते आणि ओरडत होते, "पळ बाई, पळ! आवरत नाई हे!"

गावात पोचलो तेव्हा शर्यत संपते तिथली बांबूंची कमान उतरवलेली होती. रस्ता मोकळा करायची वेळ टळून गेली होती. मुले बांबू टेम्पोत भरत होती. धनंजयने आम्हाला पाहिले.

"थांबा रे! बाबा येऊन राह्यले!"

मुलांनी बांबू पुन्हा बाहेर ओढले आणि हातांनीच उभे धरले. कमान वाकडी झाली, कापड एका बाजूला लोंबले. त्याखालून कमलाबाई गेल्या. त्यांच्या मागून, अगदी हातभर अंतराने, मी.

"पाह्यलं नं सगळ्यायनं?" रूपराव ओरडले. "सायकलच्या समोर आली बाई!"

कमलाबाई रस्त्यावरच बसल्या. कोणीतरी हसत म्हणाले, "मावशी, शेवटच्या आल्या काय?"

"शेवटची त सायकल आली, बापू. मी तिच्या समोर होती."

मित्रांनो, माझी चेन चढामुळे तुटली नाही. वर्षभर तिला कोणी तेल दिले नव्हते, म्हणून ती गंजली आणि तुटली. तुमच्याकडेही भिंतीला टेकलेली एखादी सायकल असेल. तिच्या चेनीला तेल द्या, चाक फिरवून पाहा. आणि वाटेत कोणी थकलेले दिसले, तर त्याच्या पुढे निघून जाण्याआधी थोडा वेग कमी करा. त्यासाठी ब्रेक मात्र लागला पाहिजे. म्हणून रबर झिजू देऊ नका.