केराबाईचा आवाज

मुक्त पत्रकार हा शब्द ज्या कुणी काढला, त्याला एकदा सोलापुरात आणून आठ दिवस वैजयंतीच्या मागं फिरवायला हवं. मुक्त कसली? पगार नाही, ओळखपत्र नाही, शब्दाला वजन नाही. नोकरीतल्या वार्ताहराचं सांगणं चालतं, हिच्याकडं मात्र पुरावा मागतात. म्हणून मुलाखत सुरू करताना ती माणसाला आधी स्वतःचं नाव आणि गाव सांगायला लावायची, आणि बातमीबरोबर ते रेकॉर्डिंगही कचेरीत पाठवायची. ही सवय तिला जोतिराम सरांनीच लावली होती.

जोतिराम सर ती बातम्या द्यायची त्या दैनिकाच्या सोलापूर कचेरीचे प्रमुख. पहिली बातमी त्यांनीच तिच्याकडून चार वेळा लिहून घेतली होती. "माहिती देणाऱ्याचं नाव आपल्याबरोबर सरणावर जातं," हे त्यांचं आवडतं वाक्य. वैजयंतीनं ते मनावर घेतलं. भोळी होती.

केराबाई सांगोल्याच्या पुढच्या एका वाडीवरची. एका खासगी डेअरीच्या संकलन केंद्रावर दुधाचे नमुने भरायचं काम करायची. तिथलं यंत्र दुधाची फॅट दोन पॉइंट कमी दाखवायचं, आणि ते मुद्दाम तसं लावलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. दर पडायचा तो तिच्याच आळीतल्या बायकांचा, मेंढरं सांभाळून एखादी म्हैस राखणाऱ्यांचा. त्यांच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून ती बोलायला तयार झाली. मुलाखतीच्या दिवशी घरात तिचा धाकटा भाऊ बिरप्पा तेवढा होता. तो बायकापोरांसह तिच्याजवळच राहायचा आणि त्याच डेअरीचा टेम्पो चालवायचा.

"पोरी, माजं नाव भाईर पडलं तर हातचं काम जाईल बग," केराबाई म्हणाली होती.

"मावशी, नाव कुठंच येणार नाही. माझा शब्द."

"मग बोलते की."

बातमीत नाव नव्हतंच. पण बातमीबरोबर रेकॉर्डिंग गेलं, नेहमीसारखं. पंधरा दिवस काही छापून आलं नाही. सोळाव्या दिवशी पहिल्या पानावर त्याच डेअरीची पानभर रंगीत जाहिरात आली, हात जोडलेल्या चेअरमनसह. वैजयंती तडक कचेरीत गेली.

"बस, वैजू. चहा घे," जोतिराम सर म्हणाले.

"माझी बातमी कुठंय, सर?"

"अगं, समोरच्याची बाजू घ्यायला नको? चेअरमनना बोलावलं. ते म्हणाले, असं कुणी बोलणंच शक्य नाही. मग ऐकवलं त्यांना."

"रेकॉर्डिंग ऐकवलं?"

"खात्री पटवायची तर ऐकवायला लागतंच की. आणि मी कुठं नाव सांगितलं? पहिल्याच वाक्यात ती बाई स्वतःच सांगते." सरांनी चष्मा पुसला. "व्यवहार बघावा लागतो, बाळ. तुला कळेल पुढं."

कुंपणानंच शेत खाल्लं, तर दाद कुणाकडं मागायची? तिला रडू आलं नाही. एवढी वर्षं या माणसाच्या पाया पडत आलो, याची मात्र तिला शिसारी आली. तशीच स्टँडवर जाऊन तिनं सांगोल्याची एसटी धरली आणि तिथून वडापच्या जीपनं वाडी गाठली.

भर दुपारी केराबाई घरी होती. काम गेल्याचं वेगळं विचारावं लागलं नाही.

"ये, बस. पानी घे," केराबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानं वैजयंती जास्तच घाबरली. "काडलं मला. मुकादमानं चार मान्सात उबं करून सांगितलं, तू पेपरला बोललीस."

"मावशी, मी..."

"तुजं न्हाय काय. त्या दिशी घरात तिसरा बिरप्पाच हुता. त्येचा टेम्पो ऱ्हायला, माजं काम गेलं. मंग कुणी सांगितलं आसंल?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "पोराबाळांसकट घालवला त्येला. जेवत्या ताटावरनं उटवलं. शपथा घेत हुता, म्या ऐकलं न्हाय. आळीतली समदी म्हनत हुती, पेपरवालीनंच इकलं तुला. म्या म्हनलं, न्हाय. तिनं शब्द दिलाय."

गप्प बसणं सोपं होतं. सर सांगायला येणार नव्हते, चेअरमनही नाही. वैजयंतीच्या मनात तेही येऊन गेलं, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"मावशी, बिरप्पामामांनी नाही सांगितलं. तुमचा आवाज मी कचेरीत पाठवला होता, नावासकट. तिथून तो चेअरमनकडं गेला. पाठवायच्या आधी मला तुमचं नाव काढता आलं असतं. मी काढलं नाही."

केराबाईनं उठून डोक्यावर पदर घेतला आणि वहाणा पायात घातल्या.

"कुठं निघालात?"

"पल्याडच्या वस्तीवर. सासुरवाडीला जाऊन पडलाय त्यो. दार उगाडतोय का बगते."

"मीही येते. मी सांगते त्यांना, चूक माझी आहे म्हणून."

"तू नगं," केराबाई म्हणाली. "तुज्या शब्दापायीच त्येला घालवलाय म्या."