फळीवरची मोटर

मित्रांनो, मी एक जुनी मोटर आहे. पंख्यातली नाही आणि पाणी उपसणारी तर मुळीच नाही. मुठीएवढा माझा जीव, आणि आयुष्यभर काम एकच केलं: काचेच्या टाकीत टांगलेला स्फटिक हळूहळू फिरवायचा, थोडा इकडे, थोडा तिकडे. हल्ली मी फळीवर पडून असते आणि मला घडीभरही चैन पडत नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या काही बहिणी खेळण्यांत गेल्या, काही शिवणयंत्रांत. मी आले एका प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर. तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी मला कानाशी धरलं, माझा आवाज ऐकला आणि ही चालेल म्हणाल्या. एवढ्यानेच मी फुशारून गेले.

बाई स्फटिक वाढवत. कोमट पाण्यात मावेल तेवढा क्षार विरघळवायचा, त्या द्रावणात स्फटिकाचा छोटा खडा टांगायचा आणि द्रावण अगदी सावकाश निवू द्यायचं. क्षार खड्यावर बसत जातो आणि खडा वाढतो. ऐकायला सोपं वाटतं ना? पण क्षार देऊन बसलेलं द्रावण हलकं होतं आणि वर चढू लागतं. बाई टाकीमागे दिवा लावत, तेव्हा भिंतीवर त्या धारांच्या सावल्या चहाच्या वाफेसारख्या वळवळत. टाकी दिसायला शांत, आत नुसती धावपळ! या धारा स्फटिकाच्या एका बाजूला पोटभर घालत आणि दुसरीला उपाशी ठेवत. मग उपाशी बाजूला द्रावणाचे थेंब अडकून स्फटिकाच्या पोटात पांढरा ढग धरे. तो धरू नये म्हणून मी होते. पाहुणे आले की बाई आधी मला दाखवत.

तरी ढग यायचेच. फार हळू फिरवलं की एक ढग, फार जोरात फिरवलं की दुसरा. स्फटिकामागून स्फटिक वाया गेले, तेव्हा कुठे बाईंना मधला वेग सापडला. विभागप्रमुख भले गृहस्थ, पण त्यांनाही वर उत्तर द्यावं लागे. त्यांनी बाईंना सांगून टाकलं की वेग जमला म्हणता ना, मग आता हा शेवटचा स्फटिक. निर्मळ निघाला तर खोली तुमची, नाही तर ती दुसऱ्या विभागाला द्यावी लागेल. बाईंचा जीव टांगणीला लागला. माझाही लागला, कारण बाईंची खोली गेली तर मला कोण विचारणार?

तो स्फटिक छान वाढत होता आणि नेमकी तेव्हाच माझ्या बेअरिंगमध्ये खरखर सुरू झाली. आतलं तेल कधीच आटलं होतं. मी रात्रंदिवस चालू असे, त्यामुळे माझा आवाज बाईंच्या कानांना जाणवेनासा झाला होता. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि त्या शेजारीच बसून आकडे उतरवत होत्या. माझी थरथर स्फटिक टांगलेल्या दांड्यातून खाली उतरू लागली. भरलेल्या द्रावणाला एवढासा धक्का बसला तरी तळाशी बारीक खड्यांचा सडा पडतो आणि सगळा क्षार तेच खाऊन टाकतात. मला थांबवेना आणि चालवेना.

दुपारी बाईंचे यजमान डबा घेऊन आले. ते शाळेत चित्रकला शिकवत, आणि मुलांचं, स्वयंपाकाचं, सगळं घरचंही तेच बघत. बाई कित्येक दिवसांत धड बोलल्या नव्हत्या म्हणून जरा घुश्शातच होते. दारातच थबकून म्हणाले, "अगं, ही अशी का वाजतेय?"

बाईंनी मला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग मला दांड्याशी जोडणारा पट्टा अलगद काढून त्या स्वतःच्या बोटांनी दांडा फिरवू लागल्या. यजमानांनी मिस्त्रीला निरोप धाडला, पण तो संध्याकाळीच येणार होता. बाईंची बोटं भरून आली तेव्हा यजमान स्टूल ओढून बसले. बाईंनी त्यांची बोटं दांड्यावर ठेवून वेग शिकवला आणि दोघं पाळीपाळीने फिरवत राहिले. माझं काम दुसऱ्याच्या हातात बघताना मला किती यातना झाल्या म्हणून सांगू!

"हात दुखला तर सांग हं," बाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

बाईंनी आकड्यांची वही मिटली. मग म्हणाल्या, "आता ऐकतेय."

"मग ऐक. मी पार दमलोय."

ते घरचं एकेक सांगत गेले, बाई ऐकत गेल्या, आणि दांडा एकदाही अडखळला नाही. संध्याकाळी मिस्त्रीने मला उघडलं, धुतलं, तेल पाजलं आणि मी पुन्हा कामाला लागले.

स्फटिक बाहेर काढल्यावर विभागप्रमुखांनी तो छापील कागदावर ठेवला. खालची अक्षरं आरपार वाचता आली. खोली राहिली. मी मात्र राहिले नाही. एकदा दगा दिलेल्या मोटरीवर कोण भिस्त ठेवणार? नवी मोटर आली. तिला म्हणे तेलच लागत नाही. मी रुसले, खोटं कशाला बोलू?

आज टाकीत बाईंचा सगळ्यात मोठा स्फटिक आहे. आणि सकाळपासून त्या नव्या मोटरीत मला किंचित खरखर ऐकू येते आहे. बाई पाठमोऱ्या बसून आकडे उतरवत आहेत. मित्रांनो, जे आपल्यासाठी सतत राबतं, त्याचा आवाज आपल्याला ऐकू येईनासा होतो. मला हाक मारता येत नाही, तुम्हाला येते. कुणीतरी आत जा आणि बाईंना सांगा, हातातलं काम ठेवा आणि जरा कान द्या.